गाडीतून न उतरलेली बायको

२५ मे १९६६. इंग्लंडमधलं एक जोडपं गाडीत बसून बोलत होतं. नवरा दुसऱ्या बाईकडे राहायला गेला होता आणि आता घराचं नि पैशांचं काय, एवढाच प्रश्न उरला होता. तो म्हणाला, महिन्याला ४० पौंड देत जाईन, घराचं उरलेलं कर्ज त्यातूनच फेड. कर्ज १८० पौंडांचं होतं. बायको म्हणाली, आधी लिहून दे, त्याशिवाय मी गाडीतून उतरत नाही. त्याने कागद घेतला आणि लिहिलं की घराचा सगळा खर्च तू भागवते आहेस, म्हणून कर्ज फिटल्यावर घर तुझ्या एकटीच्या नावावर करून देईन. खाली सही आणि तारीख. तिने कर्ज फेडलं. मग साहेबांनी हात वर केले.

हा मेरिट विरुद्ध मेरिट खटला. १९७० साली लॉर्ड डेनिंग यांच्या पीठाने निकाल दिला की तो कागद म्हणजे करार आहे आणि घर बायकोला मिळालंच पाहिजे. पण त्याच्या ५१ वर्षं आधी, त्याच देशात, नवऱ्याने दिलेलाच शब्द घेऊन दुसरी एक बायको न्यायालयात गेली होती आणि हरली होती. घराच्या आत दिलेला शब्द कायद्याच्या लेखी कधी शब्द असतो आणि कधी नुसती वाफ असते, ते या दोन निकालांमधल्या फरकातून कळतं.

आधी थोडं व्याकरण. करार व्हायला एकाने प्रस्ताव मांडावा लागतो आणि दुसऱ्याने तो स्वीकारावा लागतो. दोघांनी काहीतरी द्यावं किंवा सोडावं लागतं. या देवाणघेवाणीला कायद्याच्या मराठीत ‘प्रतिफल’ म्हणतात. संमती मोकळी हवी, हेतू बेकायदा नको. आणि चौथी, जरा निसटती अट अशी की बोलताना दोघांच्या मनात ‘हे मोडलं तर कोर्टात जाता येईल’ असं असायला हवं. संध्याकाळी फिरायला येतो म्हणून न आलेल्या मित्रावर दावा लावता येत नाही, तो या चौथ्या अटीमुळे. भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये ही अट अशा शब्दांत कुठेही लिहिलेली नाही. तरी आपली न्यायालयं इंग्लंडच्या निकालांचं बोट धरून ती वापरत आली आहेत.

महिन्याला तीस पौंड

बाल्फर नावाचे गृहस्थ तेव्हाच्या सिलोनमध्ये पाटबंधारे खात्याचे संचालक होते. १९१५ साली ते बायकोसह रजेवर इंग्लंडला आले. रजा संपली, पण बायकोला संधिवात होता आणि डॉक्टरांनी तिला तिथेच राहायला सांगितलं. ऑगस्ट १९१६ मध्ये बोटीत बसण्यापूर्वी बाल्फर म्हणाले, दर महिन्याला ३० पौंड पाठवीन. पुढे त्यांनी पत्राने कळवलं की आपण वेगळेच राहिलेलं बरं. पैसे थांबले आणि बाईंनी दावा लावला.

पहिल्या न्यायाधीशांनी बाईंच्या बाजूने निकाल दिला. अपील न्यायालयाने १९१९ मध्ये तो फिरवला. तिघा न्यायाधीशांपैकी लॉर्ड जस्टिस ॲटकिन यांचं म्हणणं आजही कायद्याच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. नवराबायको एकमेकांना रोज कितीतरी शब्द देतात, त्यात देवाणघेवाणही असते, तरी ते करार नव्हेत, असं ते म्हणाले. अशा वचनांची तड लावायची झाली तर देशातली छोटी न्यायालयं शंभर पट वाढवावी लागतील. या व्यवहारांतलं खरं प्रतिफल म्हणजे प्रेम, आणि या थंडगार न्यायालयांत त्याला फारशी किंमत नाही. प्रत्येक घर हे असं संस्थान आहे की राजाचा हुकूम तिथे शिरू पाहत नाही.

वाक्यं सुरेख आहेत. त्यात शहाणपणही आहे. भांडी कोणी घासायची यावर साक्षीपुरावे घेत बसणारं न्यायालय कोणाला हवंय? शिवाय बाल्फरबाई रस्त्यावर आल्या नव्हत्या. वेगळ्या दाव्यात त्यांना पोटगीचा हुकूम मिळालेला होता. तरी मला हा निकाल कधीच पूर्ण पटलेला नाही. राजाचा हुकूम घराच्या उंबऱ्यावर थांबतो म्हणजे काय होतं? ज्याच्या हातात पैसे आहेत त्याने दिले तर दिले, नाही दिले तर नाही. न्यायालय गप्प राहिलं की घरातला जो मुळात वरचढ असतो त्याचं म्हणणं खरं ठरतं. ही गप्प राहण्याची कृतीही एका बाजूला झुकलेली असते, आणि या लेखात पुढे जे काही आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

काळही बघण्यासारखा आहे. इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावाने मालमत्ता ठेवण्याचा आणि त्यासाठी करार करण्याचा पुरता हक्क १८८२ च्या कायद्याने मिळाला. त्याआधी कायद्याच्या नजरेत नवराबायको ही एकच व्यक्ती होती, आणि ती व्यक्ती म्हणजे नवरा. स्वतःशी कोण करार करणार? १८८२ मध्ये ती वेगळी व्यक्ती झाली आणि १९१९ मध्ये तिला सांगण्यात आलं की तू जगात कोणाशीही करार कर, नवऱ्याशी केलास तर मात्र तो करार होता असं आम्ही सहजासहजी धरणार नाही.

‘सहजासहजी’ हा शब्द महत्त्वाचा. बाल्फरचा नियम दगडावरची रेघ नाही, ते एक गृहीतक आहे आणि पुराव्याने खोडता येतं. मेरिटबाईंनी ते खोडलं. त्यांचं घर मोडलेलं होतं, माया संपलेली होती आणि दोघं वाटाघाटीला बसले होते. अशा वेळी माणसं एकमेकांच्या शब्दावर विसंबत नाहीत, कागद मागतात, असं डेनिंग म्हणाले. एकत्र नांदताना दिलेलं वचन कच्चं, फाटल्यावर दिलेलं पक्कं! विश्वास होता म्हणून ज्यांनी लिहून घेतलं नाही, ते याच गणितात मार खातात.

आईमुलींचंही तेच. त्रिनिदादमधल्या एका आईने वॉशिंग्टनमध्ये चांगल्या नोकरीत असलेल्या मुलीला सांगितलं, नोकरी सोड, लंडनला जाऊन बॅरिस्टर हो, महिन्याला २०० डॉलर देते. मुलगी गेली. तिथे कळलं की आईच्या मनात वेस्ट इंडिजचे डॉलर होते आणि लेकीच्या मनात अमेरिकेचे. पुढे आईने लंडनमध्ये घर घेतलं, मुलगी त्यात राहू लागली, परीक्षा लांबत गेल्या, संबंध बिघडले आणि आईने घराचा ताबा मागितला. न्यायालयाने बहुमताने म्हटलं की हा करार नव्हताच, घरातल्या विश्वासावर चाललेली सोय होती. घर आईला गेलं.

याउलट १९५५ चा एक गमतीदार निकाल आहे. आजी, नात आणि घरात पैसे देऊन राहणारी एक बाई अशा तिघी मिळून वर्तमानपत्रातल्या स्पर्धेची कोडी भरायच्या, आजीच्या नावाने. ७५० पौंड लागले. आजी म्हणाली, सगळे माझे. न्यायालयाने भाडेकरू बाईला तिसरा हिस्सा देववला. परक्या माणसाचा पाय व्यवहारात असला की कायद्याचा आवाज लगेच मोकळा होतो.

प्रेम होतं का, ते दाखवा

आपल्याकडच्या करार कायद्यात एक कलम आहे जे इंग्लंडच्या कायद्यात या रूपात नाही. कलम २५ सांगतं की प्रतिफलाशिवाय करार नाही, पण त्याला अपवाद आहेत. त्यातला पहिला अपवाद असा: जवळच्या नात्यातल्या दोघांमध्ये ‘नैसर्गिक प्रेम आणि माया’ यापोटी दिलेलं वचन लेखी आणि नोंदणी केलेलं असेल, तर बदल्यात काहीही न मिळता ते बंधनकारक ठरतं. ॲटकिनच्या थंड न्यायालयात ज्याला किंमत नव्हती त्या प्रेमाला इथे किंमत आहे, फक्त नोंदणी कचेरीतून जावं लागतं.

पण प्रेम होतं की नाही हे ठरवायचं कोणी? १९०० साली कलकत्त्यात एका नवऱ्याने भांडणांना कंटाळून बायकोला नोंदणीकृत दस्त करून दिला की तिला राहायला वेगळी जागा आणि पोटगी देईन. पुढे त्याने ते पाळलं नाही. उच्च न्यायालयाने दस्तच वाचून दाखवला: यात तर तुमच्या भांडणांचं वर्णन आहे, मग यात माया कुठे दिसते? वचन रद्द. त्याच सुमारास, १८९९ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयापुढे दोन भाऊ होते. मालमत्तेच्या दाव्यात एक हरला आणि एक जिंकला. नंतर जिंकलेल्याने समेट व्हावा म्हणून नोंदणीकृत कागदाने अर्धा हिस्सा द्यायचं कबूल केलं, आणि मग फिरला. इथे न्यायालय म्हणालं, भावाशी पुन्हा जुळावं या इच्छेपोटीच हे वचन दिलंय, कलम २५ याच्यासाठीच तर आहे. वचन पक्कं.

दोन्हीकडे भांडण होतं आणि दोन्हीकडे कागद होता. भावाच्या कागदात जुळवून घेण्याची ओढ होती, नवऱ्याच्या कागदात वेगळं होण्याची व्यवस्था. पण गंमत बघा: वेगळं होताना लिहिलेला कागद मेरिटबाईंना तारतो आणि कलकत्त्याच्या बाईला बुडवतो. कलकत्त्यात प्रतिफल नव्हतं, सगळा भार मायेवर होता. मेरिटबाईंनी कर्जाचे हप्ते भरले होते. म्हणून घरातल्या कुठल्याही वचनाकडे बघताना पहिला प्रश्न हाच विचारावा की बदल्यात काही दिलं-घेतलं गेलंय का, की सगळं मायेच्या भरवशावर आहे.

सेवेचं काही मोल

‘काही दिलं’ म्हणजे नक्की काय, हे ठरवताना कायद्याचा खरा स्वभाव दिसतो.

न्यूयॉर्कमध्ये एका काकाने पुतण्याला सांगितलं, एकवीस वर्षांचा होईपर्यंत दारू, तंबाखू, शिवीगाळ आणि पैसे लावून पत्ते खेळणं सोडलंस तर ५,००० डॉलर देईन. पुतण्याने सोडलं. काका पैसे देण्याआधीच वारले आणि त्यांच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणारा म्हणाला, पुतण्याने काकाला दिलं काय? उलट त्याचाच फायदा झाला. १८९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्याने करता येणारी गोष्ट न करणं हेही प्रतिफल आहे. पैसे द्या.

आता कॅलिफोर्निया, १९८८. बोरेली नावाच्या गृहस्थांना पक्षाघाताचा झटका आला. डॉक्टर म्हणाले, चोवीस तास शुश्रूषा लागेल. त्यांना संस्थेत जायचं नव्हतं. बायकोला म्हणाले, घरीच तू माझं कर, मी तुझ्या नावावर अमुक अमुक मालमत्ता ठेवतो. तिने केलं. उठवणं, बसवणं, धुणं, भरवणं, रात्री जागणं. १९८९ च्या जानेवारीत ते गेले. मृत्युपत्र उघडलं तर वचन दिलेलं काहीच त्यात नव्हतं. तिच्यासाठी एक लाख डॉलर आणि घरातला काही हक्क, बाकी बहुतेक सगळं पहिल्या नात्यातल्या मुलीला. बायको न्यायालयात गेली. १९९३ मध्ये अपील न्यायालयाने बहुमताने निकाल दिला की नवऱ्याची शुश्रूषा करणं हे बायकोचं कर्तव्यच आहे. जे करायला तू बांधलेलीच होतीस, ते करून तू नवीन काय दिलंस? प्रतिफल नाही, म्हणून करार नाही.

राज्य वेगळं, शतक वेगळं हे मान्य. तरी हे दोन निकाल शेजारी ठेवल्यावर राहवत नाही. पुतण्याने सिगारेट ओढली नाही, ते मोलाचं. बाईने आजारी माणसाला महिनोन्महिने उचललं, ते लग्नातच आलं. निकालाशी असहमत असलेल्या न्यायाधीशांनी नेमकं यावर बोट ठेवलं: आधार देणं हे कर्तव्य असेल, पण ते पगारी परिचारिका ठेवूनही पार पडतं, स्वतःच्या हाताने मलमूत्र काढणं त्यात येत नाही. त्यांचं म्हणणं अल्पमतात गेलं. तेच काम शेजारच्या बाईने त्याच वचनावर केलं असतं तर बहुधा तिला मालमत्ता मिळाली असती. ती बायको होती म्हणून मिळाली नाही.

लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांबाबत याच राज्याने मात्र १९७६ मध्ये वेगळी वाट धरली होती. नट ली मार्विन यांच्याबरोबर सुमारे सहा वर्षं राहिलेल्या बाईंचं म्हणणं होतं की माझं काम सोडून मी घर सांभाळेन आणि तो मिळवलेलं वाटून घेईल असं आमचं ठरलं होतं. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व मान्य केलं. लग्नाविना राहणारे प्रौढ एकमेकांशी करार करू शकतात, तो केवळ शरीरसंबंधाच्या मोबदल्यावर उभा नसला म्हणजे झालं. करार स्पष्ट शब्दांत नसेल तर वागण्यावरूनही ताडता येईल. तत्त्व जिंकलं, पण बाई हरल्या: पुढच्या सुनावणीत असा करार झाल्याचं सिद्धच झालं नाही, आणि नव्याने उभं राहण्यासाठी म्हणून दिलेले १,०४,००० डॉलरही १९८१ मध्ये अपिलात गेले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ‘लग्नासारखं नातं’ म्हणजे काय याच्या कसोट्या ठरवताना या खटल्याची चर्चा केली आहे, पण आपल्याकडे तो हक्क कराराच्या वाटेने येत नाही, घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यातून येतो.

लग्नाआधीचा कागद

लग्न हाच एक करार, असं म्हणतात. कुठला करार असा असतो की सही करताना अटी वाचायला मिळत नाहीत, त्या बदलता येत नाहीत, आणि विधिमंडळाने उद्या बदलल्या तर तुम्हाला लागू होतात? १८६१ साली कायद्याचे इंग्रज अभ्यासक हेन्री मेन यांनी लिहिलं होतं की प्रगत समाजांची वाटचाल दर्जाकडून कराराकडे होत आली आहे. जन्माने मिळालेली जागा सुटते आणि माणूस स्वतः ठरवलेल्या अटींवर जगू लागतो. घराच्या दारापाशी ती वाटचाल बराच काळ अडखळून उभी होती.

लग्नपूर्व करार म्हणजे तो उंबरा ओलांडायचा प्रयत्न. जुनी समजूत अशी की घटस्फोटाची कल्पना करून केलेला करार घटस्फोटालाच आमंत्रण देतो, म्हणून तो रद्द. ती आता अनेक देशांत मागे पडली आहे. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये, एका श्रीमंत जर्मन बाईच्या आणि तिच्या फ्रेंच नवऱ्याच्या खटल्यात, ठरवलं की दोघांनी समजून-उमजून, मोकळेपणी केलेल्या लग्नपूर्व कराराला वजन द्यावं. तो पाळणं अन्यायाचं ठरत असेल तरच बाजूला ठेवावा. नऊ न्यायाधीशांच्या पीठावर लेडी हेल या एकट्याच स्त्री होत्या आणि असहमतही त्या एकट्याच होत्या. असे करार मुळात कमकुवत जोडीदाराला कायद्याने मिळालं असतं त्यापेक्षा कमी मिळावं म्हणूनच केले जातात आणि तो जोडीदार बहुतेक वेळा बाई असते, हे त्यांनी लक्षात आणून दिलं. या खटल्यात मागणारा नवरा होता, त्यामुळे मुद्दा जरा झाकला गेला, इतकंच.

आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार लग्नाआधी मालमत्तेचा करार करता येतो. न केल्यास दोघांची मालमत्ता सामायिक धरली जाते. मुस्लिम विवाह मुळातच करार मानला जातो आणि मेहरसारख्या अटी त्यात लिहिता येतात. इतरत्र अशा कागदाच्या भरवशावर राहू नये. ‘पुढे कधीही पोटगी मागणार नाही’ असं बायकोने लिहून दिलेला कागद भारतीय न्यायालयांनी अनेकदा सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून नाकारला आहे. इथे न्यायालय घरात शिरतं, आणि बरं करतं.

लग्न करू नकोस असं बांधून घेणारा करार तर कलम २६ नुसार रद्दच आहे. इंग्लंडमधल्या १७६८ च्या एका निकालातल्या गृहस्थाने लिहून दिलं होतं की एका विशिष्ट बाईशिवाय दुसऱ्या कोणाशी लग्न केलं तर तिला १,००० पौंड देईन. त्याने दुसरीशी लग्न केलं आणि न्यायालयाने त्याला सोडून दिलं, कारण ‘तुझ्याशी लग्न करीन’ असं त्याने कुठेही म्हटलं नव्हतं. तिने त्याच्याशी लग्न करायला नकार दिला असता तरी तो जन्मभर बांधलेला राहिला असता.

सही कुठे करायची?

आतापर्यंतच्या बऱ्याच गोष्टी कोर्टात न टिकलेल्या शब्दांच्या होत्या. आता उलटी बाजू: घरातल्या नात्यामुळे केलेली, पण अगदी पक्की टिकणारी सही. सामान्य माणसाच्या आयुष्यात करार कायदा बहुतेक वेळा याच दाराने येतो.

नवऱ्याला धंद्यासाठी कर्ज हवं असतं. बँकेला जामीन किंवा घराचं गहाण हवं असतं. घरावर बायकोचंही नाव असतं. संध्याकाळी कागदांचा गठ्ठा समोर येतो, जिथे जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने फुली मारलेली. ‘औपचारिकता आहे गं.’ या वेळी वाचायला मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं. सही होते.

इंग्लंडमध्ये १९९३ साली उमरावांच्या सभागृहापुढे (तेव्हा तेच तिथलं सर्वांत वरचं न्यायालय होतं) आलेल्या ओब्रायन खटल्यात नवऱ्याने बायकोला सांगितलं होतं की गहाण ६०,००० पौंडांपुरतं आहे आणि तीन आठवड्यांसाठी आहे. प्रत्यक्षात जबाबदारी १,३५,००० पौंडांची होती. बँकेच्या शाखेत कोणी तिला काही समजावलं नाही, तिने न वाचता सही केली. न्यायालयाने गहाण तिच्यापुरतं रद्द केलं. फसवलं नवऱ्याने, मग फटका बँकेला का? कारण बायको नवऱ्याच्या कर्जासाठी जामीन राहते आहे, त्यात तिचा स्वतःचा काही लाभ दिसत नाही, आणि ती सही विश्वासापोटी किंवा दबावाखाली होऊ शकते, हे बँकेला कळायलाच हवं होतं.

२००१ च्या एट्रिज निकालाने पुढची पायरी घातली आणि मला ती फार आवडते, कारण ती अगदी व्यवहारातली आहे. बँकेने थेट बायकोशी संपर्क साधावा. तिच्या वतीने वकील कोण, हे तिला विचारावं. त्या वकिलाने तिला समोरासमोर भेटावं, नवरा खोलीत नसताना. तांत्रिक शब्द टाळून सांगावं की कागद काय आहे, धंदा बुडाला तर घर जाऊ शकतं, रक्कम किती, आणि तुम्हाला ‘नाही’ म्हणायचा पर्याय आहे. नंतरच तिला विचारावं, पुढे जायचं का? कायदा नात्याला हात लावत नाही. तो फक्त खोलीचं दार लावून नवऱ्याला अर्धा तास बाहेर बसवतो.

आपल्या कायद्यात यासाठी दोन शब्द आहेत: जबरदस्ती आणि अनुचित प्रभाव. दुसरा कलम १६ मध्ये आहे; एकाचं दुसऱ्यावर वर्चस्व असेल आणि त्याचा गैरफायदा घेऊन सही मिळवली असेल तर ती सही मागे घेता येते. जबरदस्ती म्हणजे हातात सुरा, असं वाटतं, पण आपल्याकडच्या जुन्या निकालांत ती घरच्याच माणसांची आहे. १८८९ मधला मद्रासचा खटला: तेरा वर्षांची मुलगी, नवरा नुकताच मेलेला, आणि एका मुलाला दत्तक घेतल्याशिवाय नातेवाईक प्रेत उचलू देईनात. तिने घेतलं. न्यायालयाने ते दत्तकविधान तिच्यावर बंधनकारक मानलं नाही. १९१७ मध्ये, पुन्हा मद्रासलाच, एका नवऱ्याने बायको-मुलाला धमकी दिली की माझ्या भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून द्या, नाहीतर मी जीव देतो. त्यांनी दिलं. ही जबरदस्ती का? जीव देणाऱ्याला कायदा शिक्षा करू शकत नाही, मग ते कायद्याने मना केलेलं कृत्य कसं, असा एका न्यायाधीशाचा आक्षेप होता. बहुमताने ठरलं की हीदेखील जबरदस्तीच.

कुटुंबाला कायदा नेहमी संशयानेच बघतो असं मात्र नाही. वाद मिटवण्यासाठी घरच्यांनी मिळून केलेल्या वाटपाच्या व्यवस्थेकडे तो विशेष मायेने बघतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये सांगितलं की अशी व्यवस्था तोंडीही होऊ शकते, आणि तांत्रिक खोडी काढून ती मोडू नये. फक्त मालकी त्या कागदानेच बदलत असेल तर नोंदणी हवी. आधी ठरलेल्याची नुसती टिपण असेल तर नको. हा फरक वकिलाकडून समजून घेण्यासारखा आहे, कारण याच जागी बरेच दावे अडकतात.

मुलं आणि म्हातारपण

मुलांच्या बाबतीत कायद्याची भूमिका सगळ्यांत कडक आहे. ताबा कोणाकडे, यावर आईबापांनी काहीही लिहून ठेवलं तरी न्यायालय मुलाचं हित पाहतं. न्यू जर्सीत एका जोडप्याने १०,००० डॉलर ठरवून एका बाईशी सरोगसीचा करार केला. १९८६ मध्ये मुलगी झाली आणि बाईला ती सोडवेना. १९८८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘बेबी एम’ खटल्यात करार रद्द ठरवला. काही गोष्टी पैशाने विकत घेता येत नाहीत, असं म्हटलं. आणि तरीही मुलीचा ताबा बापाकडेच दिला, तिच्या हिताचं तेच आहे म्हणून. जन्मदात्रीला भेटीचा हक्क राहिला. भारतात २०२१ च्या कायद्याने पैसे घेऊन सरोगसी करण्यावर बंदी आहे. वैद्यकीय खर्च, विमा आणि नियमांत ठरवलेला इतर खर्च एवढंच देता येतं. पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो: नऊ महिन्यांचे कष्ट मायेपोटी केले तर कायदेशीर, मोबदला मागितला तर गुन्हा.

आणि म्हातारपणी बक्षीसपत्र. आईबाप घर मुलाच्या नावावर करतात, तो सांभाळेल हे गृहीत धरून. बक्षीस म्हणजे विनामोबदला दिलेली वस्तू; ‘सांभाळ केला नाही’ म्हणून ती सहसा परत मागता येत नाही. यावर उपाय म्हणून ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ घातलं गेलं: सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता असेल आणि तो सांभाळ झाला नाही, तर ती फसवणुकीने किंवा दबावाने घेतल्याचं मानून न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द ठरवू शकतं. २०२२ मध्ये एक आई सर्वोच्च न्यायालयात हरली, कारण अशी अट घातली होती हे तिच्या अर्जात नव्हतं आणि पुराव्यातही नव्हतं. मुलं आईला सांभाळतातच, ते काय लिहायचं, असं कोणालाही वाटेल.

२ जानेवारी २०२५ च्या निकालात दुसरी एक आई जिंकली. तिने २०१९ मध्ये मुलाला घराचं बक्षीसपत्र करून दिलं होतं, आणि त्याच दिवशी मुलाकडून वेगळं वचनपत्र लिहून घेतलं होतं की मरेपर्यंत आईबापांना सांभाळीन. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कागद एकत्र वाचले, बक्षीसपत्र रद्द केलं आणि घराचा ताबा २८ फेब्रुवारीपर्यंत आईला परत द्यायला सांगितलं.